शकुंतलेच्या वाटेने : वऱ्हाडच्या औद्योगिक अवशेषांचा प्रश्न

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. एकाची ओळख बाजारावरून पडली, दुसऱ्याची आगगाडीवरून. पुण्या-मुंबईकडचा माणूस हे नाव प्रथम ऐकतो तेव्हा त्याला गंमत वाटते. गावाच्या नावाला इंग्रजी शब्द चिकटलेला कसा, असे तो विचारतो. पलीकडच्या धामणगावालाही हाच शब्द जोडलेला आहे हे कळले म्हणजे त्याचे कुतूहल आणखी वाढते. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला ही नावे एखाद्या प्रकरणाच्या मथळ्यासारखी वाटतात. बाजार आणि रेल्वे या दोन शब्दांत वऱ्हाडचा गेल्या दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास बराचसा सामावलेला आहे.

हा इतिहास आम्ही वर्गात शिकवितो. दादाभाई नौरोजींचा संपत्तिशोषणाचा सिद्धांत, हस्तव्यवसायांचा ऱ्हास, शेतीचे व्यापारीकरण ही प्रकरणे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची उत्तरे मुद्देसूद लिहितात. मात्र ज्या गोष्टीची उत्तरे आपण लिहितो, तिचे अवशेष आपल्याच मुलखात, एका दिवसात पाहून परत येता येईल इतक्या अंतरावर उभे आहेत, याची त्यांना कल्पना नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते अवशेष कोणी त्यांना दाखविलेले नाहीत. म्हणून फाल्गुनातल्या एका रविवारी प्रस्तुत लेखक आणि एक सहकारी, पंधरा-वीस विद्यार्थ्यांना घेऊन यवतमाळकडे निघालो. शकुंतला या लाडक्या नावाने वऱ्हाडात ओळखल्या जाणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीची मोडकी वाट पायी पाहावी, एवढाच हेतू होता. परतताना मात्र जो प्रश्न मनात घेऊन आलो, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

रानातली सोपी वाट

चांदूरहून धामणगाव, बाभूळगाव या मार्गाने एस.टी.ने यवतमाळ गाठले आणि तेथून दारव्ह्याच्या दिशेने, लासिनाच्या बाजूला जुन्या रुळांच्या वाटेला लागलो. रेल्वे आणि वन या दोन्ही खात्यांना आगाऊ कळविले होते. तसे ते कळवावेच, आणि उन्हे चढण्यापूर्वी चालणे संपवावे, एवढी पथ्ये सोडली तर ही पायपीट कोणालाही झेपण्यासारखी आहे. आमच्या सहकाऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यांनाही एकदा सोडून दुसऱ्यांदा बसावे लागले नाही. याचे कारण साधे आहे. आगगाडीच्या इंजिनाला तीव्र चढ चढता येत नाही. म्हणून रूळ टाकणारा अभियंता डोंगर टाळतो, टाळता येत नसेल तेथे तो फोडतो, खोलगट जागी मातीचा भराव घालतो आणि नाल्यावर मोरी बांधतो. त्याने गाडीसाठी केलेली ही सोय शंभर वर्षांनंतर पायी चालणाऱ्याच्या उपयोगी पडते. रानातून जाणारी, पण दम न लागू देणारी अशी वाट एरवी मिळणे कठीण.

दोहो बाजूंना सागाचे रान होते. सागाची पाने गळून त्यांचा खच पडलेला. पाऊल पडले की कर्रकर्र आवाज व्हायचा. मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला दिसे. मोहाला नुकती कोठे फुले धरत होती. धावडा, तेंदू, सालई ही झाडे ओळखून दाखविण्यात आमच्या शहरी सहकाऱ्यांपेक्षा खेड्यांतून येणारे विद्यार्थीच पुढे होते, आणि वर्गात क्वचितच तोंड उघडणारी एक मुलगी त्या दिवशी सर्वांची गुरू झाली होती. रोह्यांच्या लेंड्या वाटेवरच पडलेल्या होत्या. कोठे रूळ दिसत, कोठे ते गवतात आणि मातीत बुडालेले असत, आणि कोठे केवळ पसरलेल्या गिट्टीवरून येथे रूळ असावेत असे ओळखायचे. एका नाल्यावर घडीव काळ्या दगडाची लहानशी मोरी लागली. तिचा एकही दगड हललेला नव्हता. मुले तिच्या कमानीखाली सावलीत बसली आणि त्यांनी शिदोऱ्या सोडल्या.

तेथेच शेळ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही कशाला आलो हे कळल्यावर त्यांना मोठी मौज वाटली. “काय पाह्यता बापा इथं? सारं मोडून गेलं,” असे म्हणून तेही शेजारी बसले, आणि मग अर्धा तास तेच बोलत होते. “हात देल्ला का थांबे गाडी. तिकीट गार्डच फाडे. माही बायको याच गाडीनं नांदाले आली.” एका विद्यार्थ्याने विचारले, “आजोबा, गाडी लई हळू चाले म्हनतात?” ते हसून उत्तरले, “हळू चाले, पन गरिबाले परवडे.” अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाहतुकीच्या सामाजिक लाभावर पाने खर्ची पडतात, त्यांचा मथितार्थ या एका वाक्यात आला, हे मी मुलांना तेथेच सांगितले.

कापसासाठी टाकलेले रूळ

परंतु ही गाडी गरिबाला परवडावी म्हणून कोणी सुरू केली नव्हती. तिचा जन्म समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हाती आला. तेव्हाही येथील कापूस दूरवर जातच होता. अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १८४२ साली एक लाख बैलांच्या पाठीवर लादून कापूस खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्याकडे धाडल्याची नोंद सांगितली जाते. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी यांतून उरेल तो माल पोचायचा.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस तुटला आणि साऱ्या ब्रिटिश उद्योगजगताचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळ, बडनेरा, चांदूर असा वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा आणि तेथील कापूस बाजार यांचे उद्घाटन करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या गावातील बाजारासाठी साम्राज्याचा प्रतिनिधी येतो, यावरून त्या कापसाचे मोल ध्यानात यावे.

या प्रांतांसाठी नेमलेला कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने त्या काळात जो विचार मांडला, तो वाचून आजही अंगावर काटा येतो. त्याचा आशय असा की, या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड येथे स्वस्त विकता येईल, देशी विणकर मागे पडेल. मग जो कापूस येथे सुतासाठी खर्च होतो तो निर्यातीस मोकळा होईल, आणि सूत काढणारी व विणणारी माणसे शेतमजुरीला मिळतील. दुष्टपणाने लिहिलेले हे वाक्य नव्हे. एका कार्यक्षम अधिकाऱ्याने मन लावून केलेले ते नियोजन होते. आपल्याकडे ज्याला आपण हस्तव्यवसायांचा ऱ्हास म्हणतो, तो कोणाच्या तरी कागदावर आधी लाभ म्हणून मांडला गेला होता.

मुख्य मार्गापासून दूर असलेल्या यवतमाळ, दारव्हा, कारंजा या भागातील कापूस तेवढा बंडीनेच यायचा. शेतातून वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे एक तृतीयांश रुई असते, बाकीची सरकी. म्हणजे ३९२ पौंडांची एक गठाण तयार व्हायची तर जवळजवळ त्याच्या तिप्पट वजनाचा कापूस ओढून आणावा लागे. म्हणून सरकी काढणारे जिन आणि रुई दाबणारे प्रेस हे कारखाने रेल्वेच्या स्थानकाला खेटून उभे राहिले. जहाजावरचे भाडे मालाच्या आकारमानावर ठरत असल्याने रुई जितकी घट्ट दाबली जाईल तितका खर्च कमी. वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या स्थानकाबाहेर उंच भिंतीचे आवार आणि विटांचे धुराडे का दिसते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

हेच गणित पुढे नेत विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ च्या सुमारास, किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या पुढाकाराने मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. आदल्याच वर्षी वऱ्हाड ब्रिटिशांकडे कायमच्या पट्ट्याने आला होता, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. पुढील दीड दशकात मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत आणि आमच्या शेजारच्या पुलगावहून आर्वीपर्यंत असेच फाटे निघाले. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही त्यांची मालक. मूर्तिजापूरच्या दोन शाखा मिळून सुमारे १९० किलोमीटरचा हा मार्ग होता. कापूस उगवतो त्या रानापासून तो मुख्य रुळांपर्यंत नेऊन सोडणे, हे त्याचे काम.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. रेल्वेने केवळ लुटले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला दूरच्या बाजाराचा भाव रेल्वेमुळे मिळाला, आणि काही काळ त्याच्या हातात पैसाही खेळला. परंतु त्या भावाबरोबर दूरच्या बाजाराची लहरही त्याच्या दारी आली. ज्वारीच्या रानात कापूस आला. १८९९-१९०० च्या दुष्काळात रेल्वे होती, ती धान्य आणू शकत होती, आणि तरीही वऱ्हाडात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. धान्य असणे आणि ते विकत घेण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली इतर दुष्काळांच्या अभ्यासातून सिद्ध केले. वऱ्हाडला ते त्याच्या ऐंशी वर्षे आधी भोगून कळले होते.

गाडी थांबली कशी

स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि सरकारी रेल्वेने तो करारावर चालविला. मालक एक, चालक दुसरा. अशा व्यवस्थेत रुळांवर पैसा कोणी घालायचा, हा प्रश्न सुटत नाही. ज्याची वस्तू आहे त्याला ती वापरायची नसते, आणि जो वापरतो त्याची ती नसते. परिणाम व्हायचा तोच झाला. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत धावत राहिले. ही त्या इंजिनाची आणि ते चालविणाऱ्या कामगारांची थोरवी खरीच, पण सत्तर वर्षांत दुसरे काही येथे आणावेसे कोणाला वाटले नाही, हाही तिचा अर्थ होतो.

दुसरे कारण रुळांच्या रुंदीत होते. अरुंद मार्गावरची गठाण मूर्तिजापूरला उतरवून रुंद मार्गाच्या डब्यात पुन्हा चढवावी लागे. हमाली दोनदा, वेळ दुप्पट. डांबरी रस्ते झाले, ट्रक आले आणि ते जिनच्या दारातून थेट गिरणीच्या दारात माल नेऊ लागले. माल गेला तेव्हा गाडीचे मूळ प्रयोजनच गेले. उरले ते प्रवासी. आणि मोरीवर भेटलेल्या आजोबांसारख्या प्रवाशांसाठी ती मुळात बांधलेलीच नव्हती. २०१० नंतरच्या दशकात ती टप्प्याटप्प्याने थांबली. मार्ग रुंद करण्याच्या घोषणा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. रुळांवर गवत वाढतच राहिले.

डोंगरातली गाडी आणि कापसाची गाडी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण जुन्या वस्तू जपत नाही, असे म्हणता येणार नाही. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आपल्या सर्वांचा ऊर भरून आला. रेल्वेचेही तसेच. दार्जिलिंगची गाडी १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि काल्का-सिमल्याची २००८ मध्ये त्या यादीत गेली. या तिन्ही गाड्या जपल्या गेल्या याचा आनंदच आहे. परंतु त्या कोठे जातात ते पाहावे. थंड हवेच्या ठिकाणी साहेबाला नेणाऱ्या गाड्यांना वारशाचा मान मिळाला. काळ्या मातीतला कापूस वाहणारी आणि पुढे खेडुताला बाजाराला नेणारी गाडी मात्र भंगाराच्या भावाने मोजली जाते. वारसा म्हणजे केवळ रमणीय किंवा पराक्रमी तेवढेच, अशी आपली समजूत झाली आहे. श्रमाचा आणि व्यवहाराचा वारसा असू शकतो, हे अजून आपल्या गळी उतरत नाही.

इंग्लंडमध्ये श्रॉपशायरच्या आयर्नब्रिज येथील जुन्या लोखंडभट्ट्या १९८६ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्याच वर्षी जर्मनीतील एसेनची त्सोलफेराइन कोळसाखाण बंद पडली. तिचे सांगाडे न पाडता राखले गेले आणि २००१ मध्ये तीही त्या यादीत आली. ज्या देशांच्या कारखान्यांसाठी आपला कापूस गेला, त्यांच्यातला एक देश आपल्या बाजूचे अवशेष जपून आहे. या व्यवहाराची दुसरी बाजू, म्हणजे आपली बाजू, ज्या दगडामातीत लिहिली गेली ती मात्र आपण पुसून टाकीत आहोत. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. आपल्या मुलखाचा कापूस येथेच कातला जाऊ शकतो, हे तिने दाखविले. ती २००२ मध्ये बंद झाली. आज तिच्या जागेवर बाजारसंकुल आहे. अचलपूरची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आपल्या मुलांना दाखवायला उरणार काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कापसाला भाव नाही, शेतकरी आत्महत्या करतो आहे, पदवीधर मुलगा घरी बसला आहे, अशा काळात पडक्या स्थानकांची चिंता करणे हे पोट भरलेल्या प्राध्यापकाचे चोचले नव्हेत काय? माझे उत्तर असे आहे की, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, ही जी घडी दीडशे वर्षांपूर्वी बसली, ती अजून पुरती मोडलेली नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रुंद मार्ग होतो आहे आणि वर्ध्याहून कळंबपर्यंत २०२४ मध्ये गाडीही धावली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण नवा कारखाना आणि नवा रूळ यांच्याकडून काय मागायचे, हे ज्याला जुन्याचा अनुभव ठाऊक आहे त्यालाच कळते. सूत येथे निघणार काय, कापड येथे विणले जाणार काय, कामावर कोण असणार, मालकी कोणाची आणि देखभाल कोणाकडे, हे प्रश्न शकुंतलेच्या मोडक्या वाटेवर जितके स्पष्ट दिसतात तितके कोणत्याही अहवालात दिसत नाहीत.

थोडे, पण होण्यासारखे

सगळा मार्ग जपा, अशी भाबडी मागणी मी करणार नाही. जेथे रुंद रूळ यायचे तेथे ते जरूर यावेत. परंतु रानातला तीन-चार किलोमीटरचा एखादा तुकडा, त्यावरच्या दगडी मोऱ्या आणि एखादे लहान स्थानक एवढे तरी पायवाट म्हणून राखता येईल. तेथे मराठीत चार फलक लावावेत. या रुळांवरून काय गेले, कोठे गेले आणि त्याच्या बदल्यात काय आले, हे त्यांवर लिहावे. त्याला मोठा निधी लागत नाही. दुसरे काम महाविद्यालयांनी करायचे आहे. गार्ड, गँगमन, हमाल, जिनमध्ये राबलेल्या स्त्रिया आणि गाडीने बाजाराला गेलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात. जुन्या जिनच्या वह्या आणि हजेरीपट रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयात यावेत. तिसरे, वऱ्हाडातील वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा तरी अशी वाट पायी चालावी. त्याला गुण द्यायचे की नाहीत, ते विद्यापीठाने ठरवावे. मुले गुणांवाचूनही येतात, हा माझा अनुभव आहे.

परतताना एस.टी.त एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मंग हे गाडी होती कोनाची?” मी मालकी, करार, व्यवस्थापन असे काहीबाही सांगू लागलो. तो म्हणाला, “तसं नाही सर. आपली होती का?” मला तत्काळ उत्तर देता आले नाही. बांधणाऱ्याने ती आपल्यासाठी बांधली नव्हती, एवढे खरे. हात दाखवून ती थांबविणाऱ्यांनी मात्र शंभर वर्षांत तिला आपली केली होती, हेही तितकेच खरे.

धामणगाव मागे पडले आणि चांदूर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्थानकावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत तरुणांचा एक घोळका उभा होता. पाठीवर पिशव्या, हातात घरच्या डब्यांची पिशवी. त्यांत गेल्या वर्षी आमच्याकडून पदवी घेऊन गेलेले दोघे होते. पुण्याला एका कारखान्यात कंत्राटी काम मिळाले म्हणाले. मी त्यांना शुभेच्छा दिल्या. गाडी आली, ते चढले आणि ती बडनेऱ्याकडे निघून गेली. आमच्या बरोबरची मुले काही वेळ तेथेच, तिच्या दिशेने पाहत उभी होती.